हलगी डावीकडं, कैताळ उजवीकडं

सांगलीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता टीव्ही भिंतीला चिकटून बसलेत, बिघडले की लोक नवीनच आणतात, म्हणून दुकान बंद केलं आणि घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल मांडलं. त्या टेबलावर मी दिवसभर काय करतो असं कुणी बायकोला विचारलं, तर ती सांगते, "जुन्या भांड्यास्नी कल्हई." तिचं अगदीच चूक नाही. मी जुन्या घरगुती कॉम्प्युटरांसाठी साउंड कार्डं जोडतो. म्हणजे ते कॉम्प्युटर, ज्यांचं सगळं यंत्र कीबोर्डाच्याच पोटात असायचं; टीव्हीला जोडायचं आणि कॅसेटवरनं प्रोग्राम भरायचा. शेजारचे रिटायर्ड बँकवाले मला ऐकवतात की ह्याच्या लाखपट ताकद मोबाईलमध्ये असते. असू दे की. मी कुठं नाही म्हणतोय? पण मोबाईल उघडून त्यातला एक आवाज कुठल्या पायातनं बाहेर येतो ते दाखवा म्हणावं.

माझ्या मशीनमध्ये ते दाखवता येतं. आवाजाची एक आयसी, म्हणजे पाय असलेली काळी चिप आहे, तिला तीन आवाज आहेत आणि ते तीन वेगळ्या पायांतनं बाहेर येतात. पण कारखान्यानं काय केलं, तिन्ही पाय एकत्र बांधले आणि एकाच तारेतनं टीव्हीकडं धाडले. टीव्हीला स्पीकरच एक, मग दुसरं करणार काय? तीन माणसं एका दारातनं एकदम बाहेर पडायला लागल्यावर जे होतं, ते त्या आवाजांचं व्हायचं. स्टीरिओ कार्डावर तशीच आणखी एक आयसी असते. कार्ड मशीनच्या मागच्या खाचेत बसवायचं. मशीन मूळ आयसीला जे जे सांगतं ते ही दुसरी आयसीही ऐकते, आणि तिचा पहिला आवाज डाव्या स्पीकरला, तिसरा उजव्याला आणि मधला थोडा थोडा दोन्हीकडं जातो. प्रोग्राम बदलावा लागत नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लिहिलेला असला तरी तो आपोआप दोन बाजूंनी वाजतो.

जगात ह्या नादाला लागलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यातल्याच एका परदेशी गृहस्थानं कार्डाचा नकाशा इंटरनेटवर फुकट टाकलेला होता. त्यावरनं माझं पहिलं कार्ड जमायला अख्खा पावसाळा गेला. दोनदा आयसी उलटी बसवली. माझ्यासारख्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं असं करावं ह्याची लाज वाटली, म्हणून बायकोला सांगितलं की मालच खराब आला होता. शेवटी वाजलं. इंटरनेटवरनं उतरवलेल्या खेळांची गाणी लावून बघितली. छान वाजली. पण दोन दिवसांत माझं मन उडालं, कारण मला जे ऐकायचं होतं ते इंटरनेटवर कुठं नव्हतंच. ते फक्त एका कॅसेटवर होतं आणि ती कॅसेट माझ्या थोरल्या भावाकडं होती.

थोरल्या भावाला आमच्याकडं अण्णा म्हणतात. अण्णा फौजेत सिग्नलला, म्हणजे बिनतारी यंत्रांवर होता. हे मशीन त्यानंच सुट्टीवर येताना ट्रंकेतनं आणलं. उसाच्या रानातलं आमचं घर, पलूसच्या अलीकडं. तिथं असलं यंत्र म्हणजे लोक बघायला यायचे आणि ह्यातनं सिनेमा कवा लागतोय म्हणून तासभर बसून निघून जायचे. मी तेव्हा नुकताच इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो. अण्णाच्या दोन सुट्ट्या आम्ही त्या मशीनपुढं घातल्या. खेळ खेळून कंटाळलो तेव्हा अण्णा म्हणाला, "तीन आवाज हायत नव्हं? मग आपल्या जत्रंतलं वाजीवता येतंय का बघू."

जत्रेत आमच्याकडं पालखीपुढं हलगी, घुमकं आणि कैताळ वाजतं. हलगी कडाडते, घुमकं ढोलासारखं खालनं घुमतं आणि कैताळ म्हणजे पितळी टाळांची जोडी, ती दोघांच्या मधनं झणझणत राहते. तीन वाद्यं, तीन आवाज. हलगी अण्णानं लिहिली, कैताळ मी, आणि घुमकं दोघांनी भांडत भांडत. लिहिली म्हणजे आकडे. ठोका किती वेळ, किती उंच, किती जोरात, सगळं आकड्यांत. अण्णा मांडीवर बोटांनी वाजवायचा आणि मी घड्याळ धरून बसायचो. दुसऱ्या सुट्टीच्या शेवटी ते वाजलं तेव्हा आमची आई चुलीपुढनं उठून आली आणि पालखी कुठं आलीय म्हणून दारात बघायला लागली. त्या कॅसेटवर अण्णानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "हलगी, पक्की."

पुढं आईवडील गेले, अण्णा पेन्शनीवर आला आणि वाटणी झाली. पंच म्हणून मामा, दोन चुलते आणि गावातले दोन शहाणे. ह्या शहाण्यांनी सकाळी उखळ मला दिलं आणि मुसळ अण्णाला, ह्यावरनं त्यांची अक्कल ओळखा. एक वस्तू इकडं, एक तिकडं, झाली बरोबरी. उखळ-मुसळाचं जावाजावांनी दुसऱ्या दिवशी आपसांत मिटवून टाकलं. मशीनची पाळी संध्याकाळी आली. मामांनी विचारलं, "ह्ये काय हाय?" मी म्हटलं, मशीन आणि त्याला जोडायचा टेप. "आन ह्या डब्यातल्या?" कॅसेटा. "किती हायत?" अकरा. "झालं की मग. धाकट्याला मशीन आन टेप, थोरल्याला कॅसेटा. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्ती न्हाई."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मशीन त्याच्या पगारातनं आलेलं, हे पंचांना ठाऊक नसलं तरी मला होतं. मी एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. मी बोललो नाही, कारण मला ते मशीन हवं होतं. मग अण्णाच हळू म्हणाला, "नुसत्या कॅसेटा घिऊन मी काय करू?" आणि मी, दिवसभराचा शिणलेला आणि आतनं खजील झालेला, फटकन बोलून गेलो, "भजनं भरून घ्या." पंच हसले. अण्णानं डबा उचलला, काखेत मारला आणि बाहेर गेला.

तिथनं पुढं तीस वर्षं आमचं बोलणं नाही. भांडण नाही, मारामारी नाही, कोर्ट नाही. लग्नकार्यात एका मांडवात बसतो. जेवताना अण्णा वहिनीला सांगतो, "त्यास्नी भात वाढ," आणि मी बायकोला सांगतो, "बास झाला म्हणून सांग." अण्णानं तासगावच्या बाजूला रानात घर बांधलं, द्राक्षं लावली, बेदाण्याचं शेड टाकलं, मी सांगलीत आलो. आणि मी जिथं तिथं सांगत सुटलो की आमच्या थोरल्यानं त्या कॅसेटांवर भजनं भरली. बघितलं होतं का? नाही. पण माणूस एकदा चुकला की दुसऱ्याची चूक शोधत फिरतो, तसं माझं झालं.

तर त्या कॅसेटसाठी मी बायकोला म्हटलं की वहिनीला फोन लाव. जावाजावांचं रोजचं बोलणं आहे, आमच्यामुळं त्यांचं काही अडलेलं नाही. निरोप गेला. दोन दिवसांनी उलटा निरोप आला, की कॅसेटा आहेत, पण घराबाहेर जाणार नाहीत. ज्याला ऐकायच्या त्यानं मशीन घेऊन यावं.

मी भडकलो. एक कॅसेट, हातभर रिबिन, ती पोस्टानं पाठवायला काय जातंय? वर मी सगळा संसार डोक्यावर घेऊन तासगावला जायचं? आठवडाभर मी हेच बडबडत होतो. शेवटी बायकोनं भाजीची पाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आवं, तुमास्नी कॅसेट पायजे का भाऊ पायजे, ते एकदा ठरवा. मग चिडा."

उत्तर मला माहीत होतं. हलगी-कैताळ दोन बाजूंनी ऐकायचा हट्ट होताच, खोटं कशाला बोलू. पण अण्णाची सत्तरी उलटून गेलेली. त्यानं एकदा मला रं म्हणून हाक मारावी, एवढं मला हवं होतं, आणि त्यासाठी लागणारं तोंड माझ्याकडं नव्हतं. कार्ड होतं.

मग एका सकाळी बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यात मशीन घातलं, दुसऱ्यात टेप आणि दोन स्पीकर, कार्ड शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळून, आणि तासगावची एसटी धरली. बायकोला बरोबर चल म्हटलं तर नाही म्हणाली. म्हणाली, मी आले की तुमी माझ्याच तोंडानं बोलणार. बेदाण्याचे दिवस होते. रस्त्यावर द्राक्षाच्या क्रेटांचे ट्रॅक्टर एकापाठोपाठ एक चाललेले. मी सारखा खिसा चाचपत होतो आणि शेजारचा माणूस मला पाकीटमार भेटलाय असं समजून स्वतःचा खिसा चाचपत होता.

वहिनी दारातच उभी होती. "या भाऊजी," म्हणाली, खोकी घेतली, पाणी दिलं. अण्णा शेडमध्ये होता. सांगावा गेला, तरी यायला त्यानं अर्धा तास लावला. तोवर मी त्यांच्या टीव्हीला चित्राची पिवळी पिन लावली, कार्ड खाचेत बसवलं, स्पीकर दोन बाजूंना ठेवले. अण्णा आला, हातपाय धुतले, पत्र्याचा एक डबा आतनं आणून माझ्यापुढं ठेवला आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला. माझ्याकडं बघितलं नाही. डबा तोच होता. आत अकरा कॅसेटा ओळीनं उभ्या, आणि चौथीवर त्याचं अक्षर.

टेप लावून जुनी कॅसेट भरायची म्हणजे आवाज नेमका लागतो. कमी झाला तर मशीनला ऐकू येत नाही, जास्त झाला तर त्याला कळत नाही. मी बटण फिरवत होतो, एवढ्यात अण्णा वहिनीला म्हणाला, "इचार त्यास्नी, हेड साफ केलंय का टेपचं."

वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माणूस चार हातांवर बसलाय. तुमीच इचारा. मला चहा ठेवायचाय." आणि ती आत गेली.

खोलीत आम्ही दोघंच. पंखा फिरत होता. मी बटणाशी चाळा करत बसलो. अण्णा घसा खाकरून टीव्हीकडं बघत म्हणाला, "पाऊणवर ठीव. अर्ध्यावर ठेवलं की घेत न्हाई ते."

मी पाऊणवर ठेवलं आणि टेप चालू केला. ती जुनी किरकिर सुरू झाली, पडद्याच्या कडेला पट्टे धावायला लागले. मला खात्री होती की मधेच अडकणार. दुकानात लोक अशाच जुन्या कॅसेटा घेऊन यायचे, लग्नातल्या, बारशातल्या. दहांतल्या आठांना बुरशी धरलेली असायची. पण ही सरळ गेली. पहिल्या फटक्यात, एकदाही न चुकता. मी बटण दाबलं आणि वाजलं.

काय सांगू. डाव्या कोपऱ्यातनं हलगी कडाडली, उजवीकडनं कैताळ झणाणलं आणि घुमकं दोन्हीकडनं जमिनीलगत आलं. तीस वर्षं मी ते डोक्यात ऐकत होतो, पण डोक्यातसुद्धा ते एकाच तारेतनं यायचं. आता त्यातला अण्णाचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत होता. एका ठिकाणी त्यानं मुद्दाम हलगी अर्धा ठोका मागं ठेवलेली, ते मला तेव्हा कळलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

वाजून संपलं. अण्णा म्हणाला, "उलटं हाय."

"काय उलटं हाय?"

"आपल्या जत्रंत हलगी उजव्या अंगाला असती. कैताळवाला डावीकडं. तू फिरवून ठेवलंयस."

"आवं अण्णा, वाजवणाऱ्याच्या उजव्या अंगाला. बघणाऱ्याला ती डावीकडंच दिसणार की."

"मी काय बघणारा हाय व्हय रं?" अण्णा ताडकन उठला. "फौजेतनं सुट्टीवर आलो की मी हलगी धरून उभा ऱ्हायचो. माझ्या कानानं ऐकायचं तर हलगी हिकडं पायजे." आणि त्यानं स्वतःच डावा स्पीकर उचलून उजवीकडं नेला, वायर ताणली, टेबलावरचा तांब्या लवंडला. मी म्हटलं, जरा दमानं, तार तुटंल. तो म्हणाला, तुटली तर जोडायला तूच हायस की. मी म्हटलं, तुमी तवापासनं हेकटच. तो म्हणाला, आन तू शहाणाच. आतनं वहिनीनं हाक मारली, भांडायचं तर चहा घेऊन भांडा. आणि त्या गडबडीत माझ्या ध्यानात आलं की तो मला रं म्हणाला होता आणि आम्ही एकमेकांशी बोलत होतो.

स्पीकर बदलून आम्ही ते पाच-सहा वेळा ऐकलं. अण्णा मांडीवर बोटं वाजवत होता. चहा पिताना मी कॅसेट बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. रिबिन काळीभोर, चकचकीत. पांढरा डाग नाही, कुठं चिकटलेली नाही. मी दुसरी काढली, तिसरी काढली, सगळ्या तशाच. धंद्यात जन्म गेला माझा, असं होत नाही हे मला माहीत आहे. मी विचारलं, "अण्णा, ह्यास्नी बुरशी कशी न्हाई लागली?"

अण्णा बशीतला चहा फुंकत बसला. वहिनीच म्हणाली, "लागंल कशी? दर वर्षी ऑक्टोबरची छाटणी उरकली की बसत्यात की अंगणात पाट घिऊन. पेन्सिल घालायची आन रिबिनीला वारं लागावं म्हणून फिरवायची, हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. अकराच्या अकरा. एक दिस जातोय त्यात. पोरं हसत्यात, मीबी बोलते. पण ऐकतंय कोण?"

"पेन्सिलीनं?" मी विचारलं.

"टेप तुझ्या वाट्याला गेला," अण्णा म्हणाला. "मग कशानं फिरवायच्या?"

माझ्या वाट्याला आलेलं मशीन मी वीस वर्षं खताच्या पोत्यात घालून माळ्यावर टाकलेलं होतं. काढलं तेव्हा आत उंदरानं घर केलेलं. आणि हा माणूस, ज्याच्याकडं ना मशीन ना टेप, वर्षातला एक दिवस काढून अकरा कॅसेटा बोटानं फिरवत बसत होता. ऐकायची सोय नाही, कधी होईल ह्याची खात्री नाही. मला स्वतःची इतकी शरम वाटली की चहाचा कप खाली ठेवताना बशीवर आपटला.

मी म्हटलं, "अण्णा, मशीन हितंच ऱ्हाऊ दे. कार्ड, टेप, समदं. तुमच्या पगारातनं आलेलं. मी तवाच पंचांपुढं बोलायला पायजे होतं. मी बोललो न्हाई, मला ते पायजे होतं म्हणून. चुकलं माझं."

शेडमधनं कुणीतरी अण्णाला हाक मारत होतं, त्याच्याकडं त्यानं लक्ष दिलं नाही. मग म्हणाला, "न्हाई. मशीन तू घिऊन जा. कॅसेटा हितं ऱ्हातील."

"आवं, पण का?"

"समदंच हितं ठेवून गेलास," तो म्हणाला, "तर परत कशाला येशील रं तू?"

मी मान खाली घालून वायरी काढायला लागलो. अण्णा खुर्चीवरनं उठला, माझ्याशेजारी खाली बसला आणि काढलेली एकेक वायर गुंडाळून माझ्या हातात देत राहिला.